डिस्कची वाटणी आधी कागदावर



शाळेच्या संगणक कक्षातील बावीस यंत्रांवर लिनक्स बसवायचे, हा निर्णय विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत झाला. त्यामागचे कारण बहुतेकांना ठाऊक आहे. ही यंत्रे २०१६ साली घेतलेली. त्यांवर विंडोज १० होते आणि त्याला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपली यंत्रे सहाव्या पिढीची आहेत. नवी बावीस यंत्रे घ्यायची तर ग्रंथालयाच्या गळक्या छताचे काम आणखी एक पावसाळा पुढे ढकलावे लागले असते. जुनी यंत्रे चालू स्थितीत आहेत, सोसायटीचा पैसा वाचतो आहे, तेव्हा लिनक्सचा निर्णय योग्यच झाला, असे माझे मत आहे.

मतभेद आहे तो पुढच्या गोष्टीवर. लिनक्स बसवायचे कसे आणि कोणी? एका विश्वस्तांनी सुचवले की बाजारातून एक तंत्रज्ञ बोलवावा, तो पेन ड्राइव्ह लावील, ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडील आणि दोन दिवसांत बावीसही यंत्रे तयार होतील. सूचना सद्हेतूने केलेली आहे आणि सोयीचीही आहे. तरीही मला ती मान्य नाही. का नाही, ते येथे सविस्तर लिहिते, कारण हा विषय फक्त संगणक शिकवणाऱ्या सरांचा आहे, असे मी मानत नाही.

डिस्क कशी विभागायची, कोणत्या भागात काय ठेवायचे, किती जागा मोकळी सोडायची, हे आपण आपल्या गरजा पाहून आधी कागदावर ठरवावे. आणि ते काम नववी ते अकरावीच्या मुलामुलींनी सरांच्या देखरेखीखाली स्वतः करावे. माझे म्हणणे एवढेच आहे.

आधी शब्दाचे पाहू. माझे विज्ञानाचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे ‘पार्टिशन’ म्हटले की माझ्या डोक्यात आधी ‘विभाजन’ येते. मराठीत त्याला ‘फाळणी’ही म्हणता येईल, पण तो शब्द ऐकला की मन दुसरीकडेच जाते. मला ‘वाटणी’ हा शब्द आवडतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच पटेल. वाटणी होते तेव्हा वाडा तोच राहतो, भिंतीही बहुधा त्याच राहतात. कोणती खोली कोणाची, कोठीघर कोणाकडे, विहीर सामाईक की नाही, हे मात्र कागदावर येते. डिस्कचेही तसेच आहे. तिच्यावर प्रत्यक्ष रेघ कुठेच ओढली जात नाही. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटासा तक्ता असतो, त्यात अमुक भाग अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतो आणि अमुक इतका लांब आहे, एवढेच लिहिलेले असते. सगळा खेळ त्या तक्त्याचा.

हा तक्ता कसा असतो, ते मुलांनी जरूर समजून घ्यावे. आयबीएमचा पीसी एक्सटी १९८३ साली आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. त्याच सुमारास डॉसच्या २.० आवृत्तीत वाटणीचा तक्ता आला. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून. बेरीज करून पाहा, ५१२ भरते. प्रत्येक नोंदीला १६ बाइट, म्हणून ६४ बाइटांत नोंदी बसतात चारच. पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभरचे लोक या चार खणांशी झटत राहिले. त्यातला एक खण ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात आणखी भाग करायचे, ही युक्ती त्यातूनच आली. शिवाय सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट होते. म्हणजे क्रमांक जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६. त्याला ५१२ ने गुणले की साधारण २.२ लाख कोटी बाइट येतात. त्यापलीकडची डिस्क या तक्त्याला दिसतच नाही. दहावीच्या मुलांना घातांकाचे नियम ‘कशाला लागतात’ असा प्रश्न नेहमी पडतो. त्यांनी हा गुणाकार वहीत करावा.

आताची पद्धत जीपीटी नावाची आहे. तिच्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी असते. एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करता येते. कार्यालयात दाखल-खारीज रजिस्टरची दुसरी प्रत वेगळ्या कपाटात ठेवण्याचा आग्रह मी धरते, तेव्हा आमचे लिपिक मनातल्या मनात वैतागतात. त्यांनी हे वाचावे.

आता मुद्द्यावर येते. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की साधारणपणे काय होते? एक छोटा भाग यंत्र सुरू करण्यासाठी होतो आणि बाकी सगळ्या जागेचा एकच मोठा भाग. त्यातच लिनक्सच्या स्वतःच्या फाइली, त्यातच मुलांचे प्रकल्प, त्यातच शाळेची छायाचित्रे. आज हे चालेल. पण दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती येईल. किंवा एखादे अद्ययावतीकरण अर्धवट राहील. आपल्याकडे वीज कधी जाईल, सांगता येत नाही. तेव्हा यंत्र पुन्हा पहिल्यापासून बसवायची वेळ येईल आणि एका भागातले सगळेच पणाला लागेल.

वाटणी करून ठेवली असेल तर लिनक्सच्या फाइली ‘रूट’ या भागात आणि वापरणाऱ्यांचे सगळे काम ‘होम’ या वेगळ्या भागात राहते. पुन्हा बसवताना रूट फॉरमॅट करायचा, होमला हात लावायचा नाही. त्या वेळी पडद्यावर होमसाठी ‘फॉरमॅट करू नका, असलेली माहिती ठेवा’ हे निवडले की नाही, यावर तीन वर्षांचे काम अवलंबून असते. डेबियनच्या स्थापनेत तर ‘होम वेगळा ठेवा’ असा तयार पर्यायच दिलेला आहे.

आमच्या संगणकाच्या सरांचे यावर म्हणणे असे, की होम वेगळा ठेवणे ही आता जुनी पद्धत झाली. रूटला कमी जागा दिली आणि ती भरली, तर होममध्ये शेकडो जीबी रिकामे असूनही यंत्र अडून बसते. मधली भिंत सरकवणे सोपे नसते. त्यांचा हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. त्यावर आम्ही दोघांनी बसून जो तोडगा काढला तोच या लेखातला सर्वांत उपयोगी भाग असेल.

लिनक्समध्ये नेहमी वापरली जाणारी मांडणी ईएक्सटी-४, जी २००८ च्या डिसेंबरपासून स्थिर मानली गेली. हिचा गुण असा की भाग वाढवणे सोपे, अगदी यंत्र चालू असतानाही. लहान करणे मात्र कटकटीचे; त्यासाठी तो भाग आधी उतरवून ठेवावा लागतो आणि जोखीमही राहते. एक्सएफएस नावाची दुसरी मांडणी आहे, तिच्यात तर भाग लहान करताच येत नाही. म्हणजे शहाणपण कशात? सुरुवातीला बेताचे घ्यावे आणि शेजारी मोकळी जागा सोडावी. आणि ही मोकळी जागा डिस्कच्या टोकाला सोडून उपयोग नाही. ज्या भागाला पुढे वाढायचे आहे, त्याच्या लगेच पुढे ती हवी. नाहीतर वाढायचे आहे पूर्वेला आणि मोकळा प्लॉट पडला आहे पश्चिमेला, अशी गत व्हायची.

आपल्या डिस्का ५०० जीबीच्या आहेत. (पडद्यावर ४६५ दिसतात, म्हणून दरवर्षी एक तरी विद्यार्थी दुकानदाराने फसवले असे म्हणतो. फसवलेले नाही. विकणारा १००० च्या पटीत मोजतो आणि यंत्र १०२४ च्या. ५०० अब्जाला १०२४ ने तीनदा भागून पाहा.) त्या ४६५ ची आम्ही ठरवलेली वाटणी अशी: सुरुवातीला १ जीबी यंत्र सुरू करणाऱ्या ईएफआय भागाला, मग ५० जीबी रूट, त्याच्या लगेच पुढे ५० जीबी मोकळी, कोणाच्याही नावावर नसलेली, मग ८ जीबी स्वॅप आणि उरलेली सुमारे ३५६ जीबी होम. रूट भरू लागला की शेजारची मोकळी जागा त्याला जोडता येईल, होमला धक्काही न लावता. लिनक्सला ५० जीबी सध्या भरपूर होतात.

स्वॅपबद्दलही एक जुना नियम ऐकायला मिळतो, की रॅमच्या दुप्पट ठेवावा. तो रॅम महाग आणि अपुरी असण्याच्या काळातला. १६ किंवा ३२ जीबी रॅमच्या यंत्राला तो लावला तर जागा फुकट जाते. आपल्या यंत्रांत ४ जीबीच आहे, त्यामुळे ८ जीबी स्वॅप येथे शोभतो. उबुंटूने २०१७ पासून वेगळ्या भागाऐवजी स्वॅपची फाइल वापरायला सुरुवात केली, तीही रीत चांगली आहे. याबाबत माझा हट्ट नाही.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ईएक्सटी-४ चा भाग तयार होताना त्यातली ५ टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी राखीव होते, म्हणजे सामान्य वापरणाऱ्यांनी भाग गच्च भरला तरी यंत्राचे काम अडू नये. रूटसाठी हे उत्तमच. पण ३५६ जीबीच्या होमवर ५ टक्के म्हणजे जवळजवळ १८ जीबी विनाकारण अडकतात. ते १ टक्क्यावर आणता येतात, भाग तयार झाल्यावरसुद्धा. बाहेरून आलेला तंत्रज्ञ हे करील का? त्याच्यापुढे बावीस यंत्रे आणि संध्याकाळची घाई. तो करणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही, कारण होममध्ये कोण काय ठेवणार हे त्याला माहीतच नाही.

वाटणीच्याही आधी डिस्क तपासणे आले. दहा वर्षे चाललेल्या डिस्कवर नवी व्यवस्था बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवा रंग देणे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ही नोंद वाचता येते, डिस्कवर काहीही न बसवता. दोन आकडे मुलांनी बघायचे: बदललेले सेक्टर किती आणि प्रलंबित सेक्टर किती. दोन्ही शून्य असतील तर छान. बदललेले थोडे असतील तर लक्ष ठेवायचे. प्रलंबित सेक्टर वाढत चालले असतील तर ती डिस्क वाटणीला घ्यायचीच नाही, बाजूला काढायची. त्यानंतर डिस्कची लांबलचक स्वयंचाचणी. तिला दीड-दोन तास लागतात, तोवर मुलांनी आपले नकाशे काढावेत.

देणगीत आलेल्या यंत्रांबाबत थोडे वेगळे. आपले माजी विद्यार्थी प्रेमाने यंत्रे देतात, त्यांवर त्यांच्या कार्यालयातले किंवा घरचे काही ना काही उरलेले असतेच. नुसते फॉरमॅट केले किंवा जुन्या वाटण्या काढल्या की सगळे पुसले गेले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तक्ता गेला तरी माहिती जागच्या जागी असते. हरवलेल्या वाटण्या शोधून देणारी टेस्टडिस्कसारखी मोफत साधने आहेत. आपली माहिती चुकून गेली तर ही आशेची गोष्ट, आणि दुसऱ्याची माहिती आपल्या मुलांच्या हाती पडणार असेल तर चिंतेची. म्हणून अशी फिरती डिस्क एकदा पूर्णपणे शून्यांनी भरावी. जुन्या लोकांत सात वेळा, पस्तीस वेळा पुसण्याची चर्चा असते. आजच्या फिरत्या डिस्कला एकदा पुरते. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर ५०० जीबीला किती वेळ लागेल, हे सातवीच्या मुलांनी काढावे. (उत्तर तासाभरापेक्षा जास्त आणि दीड तासापेक्षा थोडे कमी येते.) एसएसडीला ही रीत लागू नाही, तिच्यासाठी तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरावी लागते.

आता मला सर्वांत जास्त काळजी ज्याची वाटते ती गोष्ट.

आपल्या बावीस यंत्रांवर आणि मागच्या खोलीतल्या दोन जुन्या यंत्रांवर शाळेच्या वार्तापत्राचे अनेक वर्षांचे अंक, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, गणेशोत्सवाच्या नाटुकल्या, निवृत्त शिक्षकांवरचे लेख पडून आहेत. यातले बरेच युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहे, आणि हिंदी मजकूर कृतिदेवमध्ये. या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरांचेच संकेत. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की समोर उरतो अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा. म्हणजे कोणी सगळ्या फाइली नीट काढून ठेवल्या आणि मग डिस्क पुसली, तरी आपले वीस वर्षांचे मराठी लेखन वाचता येणार नाही, असे घडू शकते. फाइल हाती आहे, पण अक्षर गेले. इंदूरसारख्या गावात, जिथे मराठी छापण्याची साधने आधीच मोजकी, तिथे हे नुकसान कोणत्या विम्यात बसणार?

म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी त्या त्या यंत्रावरच, तो फॉन्ट जिवंत असताना, प्रत्येक अंक उघडून त्याची पीडीएफ करायची. पीडीएफमध्ये अक्षरांची आकृती सोबत जाते. मूळ फाइलीही ठेवायच्या, म्हणजे पुढे सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करता येईल. मग दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर दोन प्रती. एक शाळेच्या कपाटात, एक शाळेच्या इमारतीबाहेर. आणि प्रत घेतली एवढ्यावर न थांबता ती दुसऱ्याच यंत्रावर उघडून बघायची. हे काम तीन आठवड्यांचे आहे. दोन दिवसांत काम उरकण्याच्या सूचनेला माझा खरा विरोध या तीन आठवड्यांसाठी आहे. कार्यालयातले यंत्र, ज्यावर शुल्काचा हिशेब आणि दाखल्यांची नोंद आहे, ते या सगळ्यातून पूर्ण वगळले आहे. त्याच्या खोलीला त्या दिवशी कुलूप राहील.

काही पालकांनी विचारले, हे मुलांनी का करायचे? परीक्षा जवळ आल्या आहेत, शिवाय कंपन्यांत विंडोजच चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा आहे, आणि जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. केरळमधल्या सरकारी शाळा २००० च्या दशकापासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत, आणि तिथली मुले नोकरीवाचून राहिली, असे काही ऐकिवात नाही. आपल्याकडेही सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचे भारतीय भाषांचे लिनक्स काढले. डेबियनच्या स्थापनेत भाषांच्या यादीत मराठी आहे, हे तर आमच्या आठवीच्या मुलांनीच मला दाखवले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा विस्ताराने द्यावे लागेल. आमच्या मुलांना बटण दाबायची सवय लवकर लागते. दाबले, नाही आवडले, मागे आले. मोबाइलवर बहुतेक गोष्टी मागे घेता येतात. वाटणीच्या कामात एक क्षण असा येतो की त्यापुढे मागे जाता येत नाही, आणि त्याची गंमत अशी की तो क्षण स्पष्टपणे समोर येतो. जीपार्टेड या साधनात तुम्ही भाग करता, लहान-मोठे करता, पण प्रत्यक्ष काहीच घडत नाही. सगळी कामे खाली यादीत थांबून राहतात. ‘लागू करा’ म्हटल्यावरच डिस्कवर लिहिले जाते. एफडिस्क या जुन्या साधनात तर शेवटी एक अक्षर टंकायचे असते. ‘डब्ल्यू’ टंकले तर लिहिले जाईल, ‘क्यू’ टंकले तर सारे सोडून बाहेर, डिस्क जशीच्या तशी. त्या एका अक्षराआधी आपला कागद आणि पडदा एकदा जुळवून बघायचा, शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायचे, मग बोट उचलायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे शिकवायला माझ्याकडे दुसरा कोणताही पाठ नाही.

आणि सर्वांत मोठा घोटाळा कशात होतो? आकड्यांत नाही, चुकीची डिस्क निवडण्यात होतो. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते आणि ही नावे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. पेन ड्राइव्हही त्याच रांगेत उभा राहतो, नवी एनव्हीएमई डिस्क असली तर तिचे नाव आणखी वेगळे. म्हणून नावावर विश्वास ठेवायचा नाही. क्षमता आणि मॉडेल वाचायचे. यंत्राला स्थापनेच्या पेन ड्राइव्हखेरीज दुसरे काहीही जोडलेले नको. सरांनी तर नियमच केला आहे, की डिस्कचे मॉडेल कागदावर लिहिल्याशिवाय कोणी माउसला हात लावायचा नाही.

यातूनच पालकांसाठी एक कळकळीची सूचना. शनिवारी शाळेत शिकलेले रविवारी घरी करून बघावेसे मुलांना वाटणारच. वाटायलाच हवे. पण बाबांच्या लॅपटॉपवर नाही. त्यावर विंडोजसोबत लिनक्स बसवता येते, मात्र त्यासाठी आधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे लागते आणि चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी लागते. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे लागते, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि त्याच्या भागावर लिनक्समधून लिहिणे धोक्याचे ठरते. विंडोजचा भाग लहान करायचा तो विंडोजच्याच साधनाने. ईएफआयचा भाग दोघांत सामाईक राहतो, वाड्यातल्या विहिरीसारखा, तो चुकून फॉरमॅट केला तर दोघांचेही पाणी तुटते. इतक्या अटी सांभाळायच्या तर मुलाने एकट्याने रात्री अकरा वाजता ते करू नये. घरी सराव करायचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये २० जीबीची काल्पनिक डिस्क तयार करावी. ती विंडोजच्या दृष्टीने फक्त एक फाइल असते. तिची शंभर वेळा वाटणी करा, शंभर वेळा मोडा, घरात कोणाचेही काही जाणार नाही. त्याची माहिती संगणक कक्षात मिळेल.

तंत्रज्ञाचे पैसे वाचतात म्हणून मी हे मांडते आहे, असेही काहींना वाटले. तसे नाही. उलट ज्या डिस्का चाचणीत नापास होतील, त्यांच्या जागी २४० किंवा २५६ जीबीच्या एसएसडी घ्याव्यात आणि तंत्रज्ञासाठी ठेवलेली रक्कम त्यात लावावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. त्या यंत्रांची वाटणी अर्थातच वेगळी होईल. रूट आणि त्यापुढची मोकळी जागा तेवढीच ठेवून होम लहान करावा लागेल. तेही नकाशे मुलेच काढतील.

कार्यक्रम असा ठरला आहे. पुढचे तीन आठवडे जुन्या फाइलींच्या पीडीएफ आणि प्रती. यासाठी ज्या पालकांना किंवा माजी विद्यार्थ्यांना जुन्या मराठी फॉन्टवर काम करण्याचा अनुभव आहे, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे, चहा शाळेचा. चौथ्या शनिवारी डिस्कची तपासणी. पाचव्या शनिवारी पहिली चार यंत्रे, आणि ती आठवडाभर नीट चालली तरच उरलेली अठरा. नववी ते अकरावीच्या प्रत्येक गटात तीन विद्यार्थी असतील: एक वाचणारा, एक लिहिणारा आणि एक माउस धरणारा, यंत्र बदलले की काम बदलेल. गटांचे नकाशे संगणक कक्षाच्या दारावर लावले जातील. विश्वस्त मंडळींनी येता-जाता ते जरूर बघावेत आणि शंका मुलांनाच विचाराव्यात.

विद्यार्थ्यांनी त्या दिवशी सकाळी साडेआठला हजर राहावे. येताना वही, पेन्सिल आणि मोजपट्टी आणावी. पेन ड्राइव्ह मात्र घरीच ठेवून यावा.